हद्दीसाठी भांडणारे मासे

खाऱ्या पाण्याच्या टाकीत भांडखोर मासे ठेवू नकोस, असे मला सुरुवातीपासून जवळजवळ प्रत्येकाने बजावले होते. मी ते ठेवले आणि गेली कित्येक वर्षे ठेवतो आहे. ठाण्यात तळमजल्यावरच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या लांब भिंतीला लागून सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी आहे. तिच्यात मरून क्लाउनची जोडी, एक पावडर ब्लू टँग, एक तपकिरी स्कोपस टँग, लाल दातांचा एक ट्रिगर आणि बोटाएवढा एक डॉटीबॅक अशी मंडळी राहतात. यांतल्या प्रत्येकाबद्दल दुकानात एकच वाक्य ऐकू येते, "हा सगळ्यांना मारतो." मारतो हे खरे. पण कोणाला, कधी आणि कशासाठी, हे कोणी सांगत नाही आणि सगळी गोम तिथेच आहे.

मी मूळचा मालवणचा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडपांमध्ये प्रवाळ आहे. 1987 साली तो भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथे मास्क लावून पाण्यात उतरले की अंगावर काळे उभे पट्टे असलेला सार्जंट मासा दिसतोच. एरवी तो थव्याने फिरतो आणि माणूस जवळ आला की पांगतो. पण विणीच्या दिवसांत नर खडकाचा तळहाताएवढा तुकडा घासून स्वच्छ करतो, मादी त्यावर जांभळट अंडी चिकटवून जाते आणि ती फुटेपर्यंत नर तिथून हलत नाही. तुम्ही जवळ गेलात की तो थेट मास्कच्या काचेवर येऊन आदळतो. वीतभर मासा आणि समोर आख्खा माणूस, पण त्याला त्याचे काही वाटत नाही. हातभर मागे सरकलात की तो परत अंड्यांपाशी. तुमच्या मागे येत नाही. पाण्यात न दिसणारी एक रेघ असते, तिच्या आत तो लढतो आणि बाहेर तो तुम्हाला ओळखही दाखवत नाही. मासे रागीट असतात ही समजूत माझ्या डोक्यातून तिथेच गेली. त्यांना हद्द असते.

कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचे आक्रमकतेवरचे पुस्तक 1963 साली जर्मनमध्ये आले. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी त्याला पुढे 1973 चे नोबेल विभागून मिळाले. ते पुस्तक सुरू होते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या प्रवाळातल्या माशांपासून. समुद्रात आणि टाकीत त्याने पाहिले ते असे, की प्रवाळातला मासा सगळ्यांत जास्त तुटून पडतो तो आपल्याच जातीच्या माशावर. या माशांचे भडक रंग म्हणजे 'जागा घेतलेली आहे' अशी आपल्या जातभाईंसाठी लावलेली खूण, असा त्याचा तर्क होता. रंगांबद्दलचे त्याचे म्हणणे पुढे सगळ्यांनी मानले नाही. पण पहिले निरीक्षण माझ्या टाकीत रोज खरे ठरते. कारणही सरळ आहे. आपल्या जातीचा मासा तेच शेवाळ खातो, त्याच बिळात झोपायला येतो, त्याच मादीच्या मागे असतो. दुसऱ्या जातीचा बहुतेक वेळा यातले काहीच मागत नाही.

समुद्रात हरलेला मासा निघून जातो. टाकीत तो निघून जाऊ शकत नाही. जिंकणाऱ्याला हरलेला पुन्हा पुन्हा समोर दिसतो आणि तो पुन्हा पुन्हा मारतो. मासे मरतात ते या कारणाने. म्हणून भांडखोर मासा ठेवायचा म्हणजे त्याची भांडायची सवय मोडायची असे नाही, ती मोडत नाही. हरलेल्याला नजरेआड होता येईल अशी टाकी बांधायची आणि कोणाला कधी आत सोडायचे ते नीट ठरवायचे, एवढेच आपल्या हातात असते. ते मनापासून केले तर पुष्कळ साधते.

टाकी सहा फुटी घेतली ती याचसाठी. काचेच्या आतली चोवीस घनफूट जागा म्हणजे जवळजवळ 680 लिटर पाणी. काच, दगड, लोखंडी स्टँड आणि खालची फिल्टरची टाकी, जिला आम्ही संप म्हणतो, हे सगळे धरून वजन टनाच्या आसपास जाते. तळमजला नसता तर मी इतकी मोठी टाकी घेतलीच नसती. दर लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास मीठ लागते, तेही खाण्याचे नाही, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचे क्षार बेताने मिसळलेले. आरओचे पाणी, 1.025 घनता, 26 अंश तापमान. ठाण्यातल्या मे महिन्यात हे तापमान चिलरशिवाय राहत नाही आणि वीज गेली तर पंप चालू ठेवायला बॅटरी लागते. हे सगळे खर्चाचे आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

दगडांबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे कायदा येतो. टणक सांगाड्याचे, खडक बांधणारे सर्व प्रवाळ 2001 साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, आणि समुद्रपंखे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळही. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. मेलेल्या प्रवाळाचा दगडसुद्धा त्यातच मोडतो. बाजारात तो पाहायला मिळतो, काही जण तो विकतातही; मी घेत नाही आणि कोणी घेऊ नये असे मला कळकळीने वाटते. माझ्या टाकीत सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे दगड आहेत. महिनोन्‌महिने पाणी बदलत ठेवल्यावर त्यांतला चुना उतरला आणि आता त्यांच्यावर जांभळ्या शेवाळाचा कडक थर चढला आहे. त्यांच्यावर मऊ प्रवाळ आहेत, चामड्यासारखे लेदर, मश्रूम, झोआंथिड. झोआंथिडला हात लावायचा तर हातमोजे घालूनच, कारण त्यांच्या काही जातींत फार जालीम विष असते. (हे मऊ दिसणारे जीवही शांत नाहीत. लेदर पाण्यात रसायने सोडून शेजाऱ्याची वाढ खुंटवतो, म्हणून फिल्टरमध्ये कायम कोळसा ठेवावा लागतो.)

दगड मी एका सलग भिंतीसारखे रचले नाहीत. तीन वेगवेगळे ढीग आहेत, मध्ये वाळूचे मोकळे पट्टे. प्रत्येक ढिगात आरपार बिळे, कारण एकच तोंड असलेल्या बिळात शिरलेला मासा कोंडला जातो आणि मारणारा तोंडाशी उभा राहतो. टाकीच्या एका टोकाकडून पाहिले तर दुसरे टोक दिसत नाही. पाहुण्यांना हे जरा खटकते, त्यांना सगळे मासे एकदम दिसायला हवे असतात. माशांना मात्र एकमेकांच्या नजरेआड होणे फार गरजेचे असते.

नवी टाकी तयार होताना पाण्यात अमोनिया पचवणारे जिवाणू रुजावे लागतात, त्याला आठवडे जातात. आपल्याकडे यासाठी डॅमसेल मासे टाकायची जुनी पद्धत आहे, कारण ते स्वस्त असतात आणि सहजी मरत नाहीत. ही पद्धत मला पटत नाही. एक तर तो माशाचा छळ आहे. दुसरे म्हणजे जे डॅमसेल जगतात, ते टाकीचे पहिले रहिवासी होऊन बसतात. अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला काळा डोमिनो दुकानात नखाएवढा असतो. वर्षभरात तो तळहाताएवढा होऊन सगळी टाकी आपली मानतो, आणि मग नंतर येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याशी लढावे लागते. मी प्रयोगशाळेच्या दर्जाचा नवसागर मोजून घातला. जिवाणूंना अमोनिया मिळाला आणि एकाही माशाला त्रास झाला नाही.

मग क्रम. भित्रा मासा आधी, भांडखोर शेवटी, हे कोणीही सांगेल. पण भित्रा कोण आणि भांडखोर कोण, हे दुकानातल्या पाटीवरून ठरवू नये. हिरवट चमकणारा क्रोमिस हा सगळीकडे शांत मासा म्हणून विकला जातो, थव्याने ठेवा म्हणतात. मीही थवा आणला होता. पाहताना फार सुंदर, उजेड पडला की सगळे एकदम वळायचे. पण त्यांच्यात वरचा-खालचा अशी उतरंड असते आणि सगळ्यांत खालच्याला कोणी ना कोणी सतत टोचत राहते. मोठे भांडण दिसत नाही, पर फाटत नाहीत. एक मासा थव्यापासून जरा लांब, पंपाच्या मागे राहू लागतो, दोन दिवस खात नाही आणि एका सकाळी दिसत नाही. मग उतरंडीत त्याच्या वरच्याची पाळी येते. असे करत थव्याचे शेवटी एक-दोन मासे उरतात. समुद्रात थवा मोठा असतो, मार वाटला जातो. या माशाला भांडखोर कोणी म्हणत नाही आणि ज्याला म्हणतात तो माझा ट्रिगर वर्षानुवर्षे कोणाच्या अंगाला लागलेला नाही.

मरून क्लाउनची गोष्ट वेगळी. क्लाउनफिश जन्मतः नर असतो. जोडीत जो मोठा आणि वरचढ, तो मादी होतो. मादी मेली तर मागे राहिलेला नर मादी होतो. मरून जातीत हा फरक डोळ्यांत भरतो. माझी मादी नराच्या तिप्पट आहे, गर्द लाल, गालावर काटा. एकसारख्या आकाराचे दोन मरून एकत्र टाकले तर मादी कोणी व्हायचे यावरून एक जण मरेपर्यंत भांडण होते. म्हणून एक मोठा आणि एक अगदी लहान असे घ्यावे लागतात. लहान्याला मी सुरुवातीला भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात टाकीतच ठेवले होते. मोठी येऊन डब्यावर धडकायची. एका संध्याकाळी पाहतो तर लहाना डब्याच्या काचेला लागून आडवा झाला आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरला, जणू अंगात वीज शिरली. क्लाउनच्या जातीत ही शरणागती असते: मी लहान आहे, मला जागा नको. मोठीने तोंड फिरवले. त्यानंतरच मी डबा उघडला. आजही ती जवळ आली की तो थरथरतो, आणि तेवढ्यावर दोघांचे निभते.

समुद्रात या जातीला राहायला फुगीर टोकांचे एकच समुद्रफूल (अ‍ॅनिमोन) चालते. माझ्या टाकीत ते डावीकडच्या कोपऱ्यात आहे आणि मुद्दाम तिथे आहे. मादी समुद्रफुलाभोवती हात-दीड हात जागा राखते. ते टाकीच्या मध्यभागी असते तर चारही बाजूंनी तिची हद्द झाली असती आणि बाकीच्यांना राहायला दोन टोके उरली असती. कोपऱ्यात दोन बाजूंना काच आहे, तिकडून कोणी येत नाही, त्यामुळे तिची हद्द लहान राहते. डावीकडची काच पुसायला हात घातला की ती चावते. रक्त येत नाही, पण चिमटा चांगला बसतो. रात्री खोली शांत असली की तिचा टकटक असा आवाज काचेबाहेरही ऐकू येतो. क्लाउन जबडा झटकन मिटून तो काढतात. माझ्या आईला तो आवाज आवडतो. ती म्हणते, "बाईसाहेब जाग्या आहेत."

क्लाउन घ्यायचेच असतील तर पैदास केलेले घ्यावेत. मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन आणि डॅमसेल यांच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे आणि आमच्या जवळच ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी उभी केली आहे. टाकीत जन्मलेला मासा सुके खाणे सहज घेतो, प्रवासात कमी दगावतो आणि त्याच्यासाठी कोणाला प्रवाळात जाळे टाकावे लागत नाही.

टँगना सोडताना मात्र माझी झोप उडाली होती. पावडर ब्लू टँग हा हिंदी महासागराचा मासा. आकाशी अंग, काळा चेहरा, गळ्याशी पांढरा, पाठीवरचा पर पिवळाधमक. शेपटीच्या बुंध्याला दोन्ही बाजूंना म्यानात बसणारा एकेक धारदार काटा असतो आणि शेपटीच्या एका फटक्यात तो दुसऱ्याचे अंग चिरू शकतो. याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही चटकन होतो. त्यावर तांब्याचे औषध आहे, पण तांबे प्रवाळ, गोगलगायी, कोळंबी सगळ्यांना मारते, म्हणून ते मोठ्या टाकीत घालताच येत नाही. नवा मासा आला की तो आधी तीन फुटी रिकाम्या टाकीत आठवडेच्या आठवडे राहतो, तिथे औषध, तिथे खाणे. हे वगळून चालत नाही. मार खाणारा मासा ताणाखाली असतो आणि ताणाखालचा मासा आधी आजारी पडतो. तेव्हा भांडण आणि रोग हे मी वेगळे धरतच नाही.

स्कोपस आधी टाकीत होता. पावडर ब्लू नंतर आणायचा हे ठरलेले होते, कारण उलट केले असते तर स्कोपसला जगणे कठीण झाले असते. दोघे टँग, दोघांनाही शेवाळ लागते, अंगाची ठेवण मिळतीजुळती. पावडर ब्लूला डब्यात घालून डबा उजव्या ढिगाजवळ टांगला आणि टाकीच्या डाव्या काचेला बाहेरून एक आरसा लावला. टँगला आरशात आपल्याच जातीचा, आपल्याच मापाचा मासा दिसतो. स्कोपस डब्याकडे एकदा गेला, पर ताठ उभारून त्याने शेपूट आडवे केले, काटा दाखवला. मग डावीकडे वळला तर तिथे आणखी एक उभा. दिवसाचा बराच वेळ तो त्या आरशातल्या माशाशी भांडण्यात घालवायचा. आरशातला हटत नाही, पळत नाही आणि चिरलाही जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून डब्याजवळचे येणे कमी झाले. मग मी डब्याच्या बाजूलाच नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पट्टी चिमट्याने लावू लागलो. दोघे काचेच्या दोन बाजूंनी एकाच वेळी चरताना दिसले, तेव्हा दिवे मालवून डबा उघडला. अंधारात नवा मासा बिळात शिरतो, रात्रभर त्याला जागेची ओळख होते आणि सकाळी तो उपरा दिसत नाही.

सकाळी भांडण झालेच. गोल गोल फिरले, शेपट्या हाणल्या, स्कोपसच्या परावर एक चीर पडली. मी टाकीसमोर बसून होतो, जाळी हाताशी होती, पण जाळी घातली नाही. अशा वेळी मी परांकडे पाहत नाही. फाटलेला पर आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतो. मार खाल्लेला मासा जेवतो का, एवढेच पाहतो. नोरी लावली, स्कोपस आला आणि त्याने तिचा लचका तोडला. मी उठून आंघोळीला गेलो. जो मासा वरच्या कोपऱ्यात पर मिटून तरंगत राहतो आणि समोर आलेले खाणे घेत नाही, त्याला मात्र त्याच दिवशी बाहेर काढावे लागते, उद्यावर ढकलू नये. आज दोघांचे व्यवस्थित चालले आहे. पावडर ब्लू मालक आहे, स्कोपस ते मानतो, आणि नोरी मी नेहमी दोन टोकांना लावतो, एकाच ठिकाणी कधीच नाही.

ट्रिगरचे कौतुक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. निळा-जांभळा, शेपटीची दोन टोके लांब वाढलेली, तोंडात लाल दात. पाठीवरचा पहिला काटा त्याने उभा केला की मागचा छोटा काटा त्याला अडसरासारखा बसतो. मग तो मासा बिळातून ओढून निघत नाही. रोज रात्री तो मधल्या ढिगातल्या एकाच भेगेत आडवा शिरतो, काटा अडकवतो आणि शेपटीची दोन टोके बाहेर ठेवून झोपतो. बहुतेक ट्रिगर कोळंबी, खेकडे, गोगलगायी फोडून खातात, त्यामुळे प्रवाळाच्या टाकीत ते चालत नाहीत. हा मुख्यतः पाण्यातले बारीक जीव खातो, म्हणून चालतो. कोळंबी मात्र मी टाकीत ठेवत नाही. पोट भरलेला ट्रिगर कोणाला त्रास देत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. सकाळी धुऊन गोठवलेला जवळा, संध्याकाळी बारीक कापलेली कोलंबी आणि अधूनमधून तिसऱ्या. तिसरी दोन भागांत उघडून एक शिंपला आत ठेवला की तो दातांनी कराकरा वाजवत बसतो. त्याचे दात वाढतच असतात, ते झिजायला असे कठीण खाणे हवे. बाजारातल्या मावशी मला विचारतात, "दादा, दोनच तिसऱ्या? घरात जेवायला कोणी नाही का?" एकदा मी त्यांना मोबाइलवर ट्रिगर दाखवला. त्यांनी निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "हा तर जाळ्यात येतो, खायला कोणी घेत नाही." बरोबरच आहे. कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत हाच मासा ट्रॉलरच्या जाळ्यांत ढिगांनी येतो आणि फिशमीलच्या कारखान्यांत जातो. कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात तोच एकेकटा पिशवीत विकला जातो.

डॉटीबॅक माझ्या एका मित्राने आणून दिला. पिशवीवर नाव होते रॉयल ग्रामा. पुढचे अंग जांभळे, मागचे पिवळे, दोन्ही मासे तसेच दिसतात. पण ग्रामात एक रंग दुसऱ्यात हळूहळू मिसळत जातो आणि डोळ्यावरून एक गडद रेघ जाते. डॉटीबॅकमध्ये रंग मध्यावर चाकूने कापल्यासारखे वेगळे असतात. ग्रामा कॅरिबियन समुद्रातला, बऱ्यापैकी सालस. डॉटीबॅक आशियाच्या बाजूचा आणि आपल्या बिळाजवळ आलेल्या आपल्या मापाच्या कोणालाही न सोडणारा. कोणी कसे नाव लावले यावर मी वाद घालत बसलो नाही. त्याला खाली संपमध्ये ठेवला आणि मोठे मासे टाकीत पूर्ण स्थिरावल्यावर सगळ्यांत शेवटी वर सोडला. टँगपुढे आणि ट्रिगरपुढे तो इतका लहान आहे, की ते त्याला मोजत नाहीत आणि तोही त्यांच्या वाटेला जात नाही. दगडांतले काटेरी किडे खातो, बिळाच्या तोंडाशी बसून डोळे फिरवतो. त्याच्या मापाचा दुसरा मासा या टाकीत मी कधीही आणणार नाही, कितीही सुंदर असला तरी.

लायनफिश मला पुष्कळांनी सुचवला, तोही मी आणला नाही. भांडणारा मासा आणि गिळणारा मासा यांत दुकानदार फरक करत नाहीत, पण तो मोठा आहे. लायन कोणाशी भांडत नाही, प्रवाळाला तोंड लावत नाही. फक्त तोंडात मावेल तो मासा गिळतो. जागा, बिळे, आरसा, क्रम यांतले काहीही त्यावर चालत नाही. शिवाय त्याच्या काट्यांत विष असते. त्याला त्याची वेगळी टाकी हवी.

लायनचे नाव निघाले म्हणून शेवटचे सांगतो. 1985 साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिला लायनफिश सापडला. तो मासा मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरांतला, अटलांटिकमध्ये त्याचे काही काम नाही. कोणीतरी घरच्या टाकीतला नकोसा झालेला मासा समुद्रात सोडला असावा, असेच अभ्यासक मानतात. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरला आहे आणि तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो आहे. भांडखोर किंवा खादाड मासा घेणाऱ्या प्रत्येकावर एक दिवस हा प्रश्न येतो: याला आता कुठे ठेवू? तेव्हा त्याला खाडीत सोडू नका, तलावात नको, मालवणला नेऊन समुद्रातही नको. जिथून घेतला त्या दुकानात परत द्या, मोठी टाकी असलेल्या माणसाला द्या. घेण्याआधीच दुकानदाराला विचारून ठेवा, हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, कोणाशी भांडतो, आणि मला जमले नाही तर तुम्ही तो परत घ्याल का. तो नाही म्हणाला आणि तुमच्याकडेही दुसरी जागा नसेल, तर तो मासा घेऊ नका.